डग्गा बोलला पाहिजे

घरात मोठा टीव्ही आला की थोड्याच दिवसांत आवाजाची चर्चा सुरू होते, आणि आमच्या नात्यात, सोसायटीत किंवा कारखान्यात ती सुरू झाली की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला असतो: "सबवूफर (खालचा, जाड आवाज, म्हणजे बेस काढणारा वेगळा स्पीकर) किती वॉटचा घेऊ?" मी उलट विचारते, "हॉल केवढा आहे, आणि ठेवणार कुठे?" पलीकडचा माणूस जरा गोंधळतो. त्याला आकडा हवा असतो आणि मी त्याला घराचा नकाशा मागत असते.

वॉटबद्दल जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते. खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहून पुढे काही हजारांचा आकडा छापलेला असेल, तर त्याकडे बघूही नका. त्या आकड्यामागे कुठलीही ठरलेली मोजणी नसते. बघायचे ते आरएमएस वॉट, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद. तेही दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. म्हणून १०० आणि १५० वॉटमधल्या फरकासाठी जादा पैसे मोजताना जरा थांबावं. बेस कसा तयार होतो हे एकदा नीट कळलं की दुकानात विचारायचे प्रश्न आपोआप बदलतात, म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ब्लोअरच्या पंख्यांचं बॅलन्सिंग करते. दिवसभर हातात व्हायब्रेशन मीटर. मोटरच्या पाटीवर १४४० आरपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या, २४ हर्ट्झ. २८८० ची मोटर म्हणजे ४८ हर्ट्झ. सबवूफरचं सगळं आयुष्य याच पट्ट्यात जातं, २० ते १०० हर्ट्झ. त्यामुळे मला सबवूफर कधी संगीताचं उपकरण वाटलाच नाही. ते हलणारं यंत्र आहे. आणि हलणाऱ्या यंत्राला विचारायचा पहिला प्रश्न: किती मिलिमीटर हलतंय?

हवेत एका ठरावीक जोराचा आवाज काढायचा तर कोनला, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या शंकूला, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला ठरावीक त्वरण द्यावं लागतं. फ्रिक्वेन्सी निम्मी केली आणि त्वरण तेवढंच ठेवायचं म्हटलं, तर हालचाल चौपट करावी लागते. बॅलन्सिंगमध्ये हे रोज दिसतं: हळू फिरणाऱ्या पंख्याचं कंपन मायक्रॉनमध्ये भलतंच मोठं असतं, तरी कानाला काहीच जाणवत नाही. आता हेच दहा इंची सबवूफरला लावून बघा. त्याच्या कोनचं कामाचं क्षेत्रफळ साधारण ३४० चौरस सेंटिमीटर असतं. मोकळ्या मैदानात जमिनीवर ठेवून एक मीटरवर १०० डेसिबल हवे असतील, तर ८० हर्ट्झला कोन मध्यापासून पावणेदोन मिलिमीटर पुढे आणि तेवढाच मागे गेला की काम भागतं. ४० हर्ट्झला तोच आवाज काढायला सात मिलिमीटर लागतात. २० हर्ट्झला अठ्ठावीस! चांगल्या दहा इंची ड्रायव्हरला (खोक्याशिवायच्या सुट्या स्पीकरला) दहा-पंधरा मिलिमीटर झेपतात, त्यापुढे कोनला चिकटलेली तारेची कॉइल चुंबकाच्या पकडीतून बाहेर यायला लागते आणि आवाज फाटतो.

टीव्हीशेजारच्या छोट्या स्पीकरचा पाच इंची कोन घेतला, तर त्याचं क्षेत्रफळ दहा इंचीच्या साधारण चौथा हिस्सा. त्याला ४० हर्ट्झलाच सत्तावीस-अठ्ठावीस मिलिमीटर हलावं लागेल, आणि तो हलू शकतो जेमतेम चार-पाच. म्हणजे तिथे कितीही वॉट ओता, उपयोग नाही. हवा ढकलायला जागाच नाही. सबवूफर वेगळा का लागतो याचं कारण एवढंच आहे: मोठा कोन, लांब हालचाल, आणि ती हालचाल सरळ रेषेत धरून ठेवणारे दोन लवचीक आधार: कॉइलजवळचा स्पायडर आणि कोनच्या कडेचा सराउंड. बाकी रचना तीच, जी चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली: चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कोन. शंभर वर्षं झाली, मूळ कल्पना हललेली नाही.

आता खोकं कशाला, हा प्रश्न. माझा भाचा बारावीत आहे, घोडबंदर रोडला राहतो. शनिवारी आला की माझ्या टेबलावरचं काहीतरी उचलून विचारतो, "मावशी, हे चालू आहे का गं?" एकदा त्याने सुटा आठ इंची ड्रायव्हर उचलला. मी त्याला ॲम्प्लिफायरच्या दोन तारा जोडून दिल्या, ५० हर्ट्झचा सलग स्वर लावला आणि ड्रायव्हर हातात धरायला सांगितला. कोन डोळ्यांना पुसट दिसेल इतका हलत होता. मनगटापर्यंत थरथर जात होती. आवाज मात्र जवळजवळ शून्य, एक बारीक गुरगुर. तो माझ्याकडे बघायला लागला. मग मी मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याला ड्रायव्हरच्या मापाचं गोल भोक पाडलं आणि ड्रायव्हर त्यावर दाबून धरला. लगेच टेबलावरच्या वाटीतले चमचे वाजायला लागले. "अगं, हे कुठून आलं?" म्हणाला.

ते तिथेच होतं. कोन पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. बेसच्या लाटा इतक्या लांब असतात की पुढची दाबलेली हवा कडेने वळसा घालून थेट मागच्या पोकळीत जाऊन बसते. बेरीज शून्य. पुठ्ठ्याने तो वळसा लांब केला, म्हणून थोडा बेस सुटला. पुठ्ठ्याऐवजी पूर्ण बंद खोकं केलं की मागची लाट कोंडली जाते आणि पुढची एकटी खोलीत येते.

बंद खोक्याची गंमत अशी की आतली हवाच स्प्रिंगचं काम करते. एडगर विल्चर या अमेरिकन शिक्षकाने हे ओळखलं: कोनला सैल, मऊ आधार द्या आणि त्याला जागेवर परत आणायचं काम कोंडलेल्या हवेवर सोपवा, कारण हवा कापडी-कागदी आधारापेक्षा कितीतरी नियमित वागते. १९५४ मध्ये त्याने हेन्री क्लॉसबरोबर अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि पुस्तकाच्या फळीवर मावेल एवढ्या खोक्यातून तोवर कपाटाएवढ्या खोक्यांतूनच येणारा बेस काढून दाखवला. आज ज्याला आपण 'सील्ड' म्हणतो ते हेच.

दुसरा प्रकार पोर्टचा. बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरासने १९३० च्या सुमारास विचार केला की मागची लाट वाया का घालवायची? खोक्याला ठरावीक लांबीरुंदीची नळी बसवली, की नळीतली हवा आणि खोक्यातली हवा मिळून एका फ्रिक्वेन्सीला घुमायला लागतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो 'हूँ' येतो, अगदी तेच. त्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास कोन जवळजवळ थांबतो आणि आवाज नळीतून येतो. त्याच कोनमधून, त्याच वॉटमध्ये जास्त खोल आणि जास्त मोठा बेस मिळतो. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचं पूर्ण गणित बसवून दिलं. तोपर्यंत नळीची लांबी बरीचशी अंदाजपंचे ठरायची. आज कुठल्याही ड्रायव्हरबरोबर जे आकडे येतात त्यांना या दोघांचंच नाव आहे.

पण नळीची किंमत मोजावी लागते. तिच्या फ्रिक्वेन्सीच्या खाली गेलं की आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो, बंद खोक्याचा १२ नेच उतरतो. शिवाय तिथे कोनला मागून हवेचा आधार उरत नाही, तो वाटेल तसा हलतो. आणि घुमणारी हवा सुरू व्हायला आणि थांबायला बंद खोक्यातल्या हवेपेक्षा जास्त वेळ घेते. माझ्या मेव्हण्याला सिनेमातले स्फोट छातीत लागायला हवेत, त्याने पोर्टेड घेतला आणि तो खूश आहे. मी सील्ड घेतला, कारण आमच्या घरात सबवूफरची परीक्षा तबल्यावर होते.

माझे बाबा भजनी मंडळात तबला वाजवतात. घंटाळीजवळच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, पंधरा बाय दहाचा हॉल आहे आणि त्यातली एक भिंत तबल्याच्या कपाटाची. नवा सबवूफर आणला तेव्हा तो सगळे ठेवतात तसा टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवला, विलंबित एकतालातलं तबल्याचं ध्वनिमुद्रण लावलं आणि बाबांना मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसवलं. त्यांनी पूर्ण आवर्तन ऐकलं. मग म्हणाले, "अगं, डग्गा बोलत नाहीये. नुसता आपटतोय."

"म्हणजे काय बाबा? कमी करू का?"

"कमीजास्तचं नाही. हा बघ, इथे त्याने मनगट दाबून वर नेलाय. तुला ऐकू येतंय का वर गेलेलं? धप्प होतंय आणि पुढचं गायब."

बाबांचं हे वाक्य मला कुठल्याही मापाच्या आलेखापेक्षा मोलाचं वाटतं, कारण त्यात आजार पूर्ण सांगितलेला आहे. डग्ग्याचा घिस्सा हा सरकता स्वर असतो. मनगटाच्या दाबाने पुडी ताणली जाते आणि घुमारा खालून वर चढत जातो. आमच्या डग्ग्याचा मूळ स्वर मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम ॲपवर ८० हर्ट्झच्या आसपास दिसतो आणि घिस्सा घेतला की शंभराच्या वर जातो. हा सगळा प्रवास एकसारख्या जोराने ऐकू आला तरच डग्गा 'बोलतो'. त्यातली एक जागा फुगली आणि पुढची बुडाली, की उरतं ते धप्प.

ही फूग आणि ही बुडती जागा सबवूफरची नव्हती, आमच्या हॉलची होती.

आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ४० हर्ट्झची एक लाट म्हणजे साडेआठ मीटरहून थोडी जास्त, अठ्ठावीस फूट. ठाण्यातल्या कुठल्या हॉलमध्ये ती पूर्ण मावते? ती भिंतीवर आपटून परत येते आणि स्वतःलाच भेटते. खोलीची लांबी अर्ध्या लाटेइतकी असेल त्या फ्रिक्वेन्सीला ही भेट जुळून येते आणि खोली स्वतःच घुमायला लागते. याला रूम मोड म्हणतात. गणित सोपं आहे: ३४५ ला लांबीच्या दुपटीने भागा. आमचा पंधरा फुटी हॉल म्हणजे ४.५७ मीटर, उत्तर येतं ३८ हर्ट्झ. त्याची दुप्पट ७५. दहा फुटांच्या रुंदीचा मोड ५७ वर, आणि साडेनऊ फुटांच्या उंचीचा ५९-६० वर. रुंदी आणि उंची अशा जवळजवळ आल्या की दोन्ही फुगे एकावर एक चढतात. बहिणीकडे घोडबंदरला तर हॉल अकरा बाय अकरा. दोन्ही बाजूंचे मोड ५१ वरच. शिवाय मायवन शटरिंगची बिल्डिंग, म्हणजे प्रत्येक भिंत काँक्रीटची, बेसला मुरायला कुठे जागाच नाही. तिथे कुठलंही गाणं लावा, बेसचा एकच स्वर वाजत राहतो. चौरस खोली बेससाठी सगळ्यांत वाईट, हे घर घेताना कुणी सांगत नाही.

मोडमध्ये आणखी एक गोष्ट असते, आणि सगळी मेख तिच्यात आहे. भिंतीपाशी दाब नेहमी जास्तीत जास्त असतो. पहिल्या मोडला खोलीच्या बरोबर मध्यावर दाब शून्य असतो. दुसऱ्याला मध्यावर जास्तीत जास्त आणि पाव-पाव अंतरांवर शून्य. सबवूफर जिथे दाब जास्त तिथे ठेवला तर तो मोड जोरात उठतो, शून्याच्या जागी ठेवला तर उठतच नाही. कोपरा म्हणजे दोन भिंती आणि फरशी यांची भेट, लांबी, रुंदी, उंची सगळे मोड तिथे जास्तीत जास्त. म्हणून कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर सर्वांत मोठा वाजतो, आणि दुकानदार तिथेच ठेवायला सांगतो. आणि आमचा सोफाही मागच्या भिंतीला चिकटलेला. आग कोपऱ्यातून लावायची आणि भिंतीशी बसून शेकायची, असा प्रकार चालला होता. डग्ग्याचा ८० चा मूळ स्वर ७५ च्या फुग्यात सापडून धप्प होत होता, आणि घिस्स्याने वर चढला की फुग्याबाहेर पडून नाहीसा होत होता. बाबांना नेमकं हेच ऐकू आलं होतं.

योग्य जागा शोधायची एक जुनी रीत आहे आणि ती सगळ्यांनी करून बघावी. सबवूफर उचलून आपण बसतो त्या जागी, सोफ्यावर ठेवायचा. तोच तबला पुन्हा लावायचा. मग आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत जायचं, डोकं जमिनीजवळ ठेवून, आणि जिथे बेस सारखा आणि स्पष्ट ऐकू येईल तिथे खडूने खूण करायची. ध्वनीच्या बाबतीत स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी त्या दोघांमधला मार्ग तोच राहतो, म्हणून हे जमतं. रांगायचं काम भाच्याने केलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "त्या कोपऱ्यातली कोळिष्टकं पण काढ आलायस तर." टीव्हीच्या कोपऱ्यात त्याने स्वतःच मान हलवली, "मावशी, इथे सगळं गुंगुंगुं होतंय." पुढे लांब भिंतीच्या कडेने सरकत देव्हाऱ्याखालच्या जागेशी तो थांबला, मागेपुढे झाला, आणि म्हणाला, "इथे ते वर जातंय ना, ते कळतंय."

मी मोजायचा टेप लावला. कोपऱ्यापासून चार फुटांना थोडं कमी. पंधराचा पाव हिस्सा पावणेचार. ७५ चा मोड जिथे उठतच नाही, बरोबर तिथे त्याचा कान जाऊन थांबला होता. त्याला गणित सांगितलेलं नव्हतं.

सबवूफर तिथे हलवला, सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला. बाबांनी पुन्हा ऐकलं. या वेळी ते काही बोलले नाहीत, मांडीवर बोटं चालायला लागली. आवाज एकंदरीत कमी झाला होता, कोपऱ्याची मदत गेली होती, पण प्रत्येक घिस्सा वेगळा दिसत होता. हो, दिसतच होता म्हणते मी.

सबवूफर बाजूला ठेवला तर आवाज बाजूने येईल का, असं बरेच जण विचारतात. साधारण ८० हर्ट्झच्या खाली लाट चार मीटरहून लांब होते आणि आपल्या दोन कानांमधलं अंतर वीतभर. आवाज कुठून आला हे कानांना कळत नाही, टीव्हीशेजारचे मुख्य स्पीकर ज्या दिशेला आहेत तिथूनच बेस येतोय असं वाटतं. म्हणून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० वर ठेवतात. त्याच्या खूप वर, १२० किंवा १५० वर नेला, की सबवूफर आपली जागा सांगायला लागतो आणि पुरुषी आवाज देव्हाऱ्याखालून यायला लागतात. फेजचं बटण (सबवूफरची लाट मुख्य स्पीकरच्या लाटेशी जुळवणारं) असेल तर दोन माणसं लागतात: एकाने बसायच्या जागी बसायचं, दुसऱ्याने ८० हर्ट्झचा स्वर लावून बटण शून्यावरून १८० वर करायचं. बटणाच्या ज्या स्थितीत जास्त मोठा ऐकू येतो ती बरोबर, कारण तेव्हा सबवूफर आणि मुख्य स्पीकर एकमेकांना मदत करतायत.

भिंतीवर काळे अंड्याच्या ट्रेसारखे फोमचे तुकडे चिकटवून बेस सुधारत नाही. त्यांनी टाळीची खणखण जाते, ५० हर्ट्झला ते दिसतसुद्धा नाहीत. एवढ्या लांब लाटेला मुरवायला जाडी लागते, फुटाफुटाची. आमच्याकडे पाहुण्यांसाठीच्या कापसाच्या गाद्या मागच्या कोपऱ्यात उभ्या रचून ठेवल्यात, त्यांचा थोडा फरक पडतो. दार-खिडक्या उघड्या ठेवल्या तर सगळ्यांत खालचा बेस बाहेर निघून जातो, त्यामुळे पावसाळ्यात सगळं बंद असताना आमचा सबवूफर जास्त भरून वाजतो, आणि मी त्याचा नॉब थोडा उतरवते.

आता खालच्या मजल्यावरचे काका. आपल्या बेसचा विषय त्यांना सोडून पूर्ण होऊच शकत नाही. मी एका रविवारी भाच्याला वर सिनेमा लावून ठेवायला सांगितलं आणि स्वतः काकांच्या हॉलमध्ये जाऊन बसले. त्यांनी चहा दिला. वरचा एकही संवाद ऐकू येत नव्हता, पार्श्वसंगीत नाही, काही नाही. आणि मग अचानक शोकेसमधले काचेचे ग्लास किणकिणले. काका म्हणाले, "हे बघ. गाणं ऐकू आलं असतं तर चाललं असतं गं, मीही ऐकलं असतं. हे नुसतं धुडुम् येतं, आणि पुढचं कधी येईल त्याची वाट बघत बसायचं."

यात काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्यामागे पदार्थविज्ञान आहे. जड भिंत किंवा स्लॅब जो आवाज अडवतो तो वजनाच्या जोरावर, आणि फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की ती अडवणूक साधारण ६ डेसिबलने कमी होते. संवाद वरच अडतात, बेस उतरतो. कायद्याच्या मापातही तो निसटतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण ती 'ए' पट्टीवर मोजतात. ही पट्टी कानाच्या स्वभावाप्रमाणे खालच्या आवाजाला कमी वजन देते: ६३ हर्ट्झला २६ डेसिबल वजा, ३१ हर्ट्झला ३९ वजा. मीटर शांत दिसतो आणि ग्लास किणकिणत असतात. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती समोरून जाताना खिडक्यांची तावदानं थरथरतात, तेव्हाही मीटरवरचा आकडा खरी गोष्ट पूर्ण सांगत नाही. हे नियम करणाऱ्यांनी पुन्हा बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सबवूफरखाली रबराचे पाय किंवा जाड पॅड घातल्याने फरशीची थरथर थोडी कमी होते, आणि तेवढ्यासाठी ते घालावेत. पण काकांकडे जाणारा बेस मुख्यतः हवेतून स्लॅबवर आदळून जातो, त्याला पॅड काय करणार? खरा उपाय आवाज कमी करणं हाच. तिथे अडचण ही की आवाज कमी केला की कानाला सर्वांत आधी बेसच ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून लोक रात्री आवाज कमी करतात आणि सबवूफर वाढवतात, आणि खालच्यांची झोप जाते. आमच्याकडे आता ठरलंय: रात्री साडेनऊनंतर सबवूफर बंद, ॲम्प्लिफायरचा नाइट मोड चालू. तानपुरा तरीही ठीक वाजतो. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, छोट्या स्पीकरमधून तो मूळ स्वर येतच नाही, पण वरचे स्वयंभू स्वर ऐकून मेंदू तो खालचा 'सा' स्वतःच भरून काढतो. डग्ग्याच्या बाबतीत मात्र मला तसं समाधान मिळत नाही. त्याचं अंगच खाली आहे.

जुना सबवूफर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुणाकडून घेणार असाल तर एक बघा. कोनच्या कडेचा सराउंड फोमचा आहे की रबराचा? आपल्या दमट हवेत फोम काही वर्षांत पिठासारखा भुगा होतो. बोटाने हलकेच दाबलं की कळतं. रबर कितीतरी जास्त टिकतं. आणि सगळी बोटं कोनच्या कडेजवळ पसरून सारख्या दाबाने आत ढकला: खरखर आली तर कॉइल घासतेय, सोडून द्या.

माझ्या हॉलमध्ये अजून एक काम बाकी आहे. रुंदीचा ५७ चा फुगा अजून आहे. पखवाजाच्या धुमाळीत तो कळतो. त्याला एक उपाय आहे: तसाच दुसरा सबवूफर समोरच्या लांब भिंतीला, बरोबर समोरासमोर. रुंदीच्या पहिल्या मोडमध्ये एका भिंतीशी दाब वाढतो तेव्हा दुसरीशी घटतो, त्यामुळे दोन्ही भिंतींकडून एकाच वेळी ढकललं की तो मोड उठूच शकत नाही. गणिताने ती जागा पक्की आहे, पावणेचार फुटांवर. तिथे बाबांचं तबल्याचं कपाट आहे. विचारलं, तर म्हणाले, "आधी तो दुसरा आणून ऐकव. मग कपाटाचं बघू." पुढच्या महिन्यात आणतेय.